कॅमेऱ्यासाठीं फ्लॅश कसा निवडावा ?

बारशाचा दिवस. बैठकीच्या खोलीच्या मध्यभागीं फुलांनीं सजवलेला पाळणा, पाळण्याशेजारीं आत्या, तिच्या मागें आई आणि सर्वांच्या मागें भिंतीशीं खुर्ची टाकून बसलेली ऐंशी वर्षांची पणजी. घरच्या मुलानें नुकताच मिररलेस कॅमेरा घेतलेला असतो. संध्याकाळचा उजेड अपुरा पडणार हें ओळखून त्यानें एक फ्लॅशही विकत आणून कॅमेऱ्यावर बसवलेला असतो. बाळाच्या कानांत ‘कुर्रर्र’ होतें, नांव ठेवलें जातें, आणि नेमक्या त्या क्षणीं फ्लॅश उडतो. रात्रीं सर्व मंडळी कौतुकानें चित्रें पाहावयास बसतात, तों बाळाचा चेहरा चुना फांसल्यासारखा पांढराफटक, आत्याच्या चष्म्यांत दोन ठिणग्या, आईच्या मागें भिंतीवर कोळशानें काढल्यासारखी सावली, आणि पणजी ? ती अंधारांत जवळजवळ विरून गेलेली !

बाळाचें नांव पुन्हा ठेवतां येत नाहीं, आणि पणजी पुढच्या समारंभाला असेल कीं नाहीं हें कोणास ठाऊक नसतें. तेव्हां असें चित्र बिघडणें ही केवळ हौसेची हानि नव्हे. पण दोष कोणाचा ? मुलगा म्हणतो, फ्लॅश कमी शक्तीचा निघाला. याहून मोठा घ्यावयास हवा होता. नेमकी येथेंच चूक होते. त्या फ्लॅशची शक्ति पुरेशी होती. बाळापुरती तर ती अधिकच होती. चुकली होती ती प्रकाशाची दिशा. नवशिक्यानें फ्लॅश निवडतांना जो पहिला प्रश्न विचारावयाचा तो ‘याचा जोर किती ?’ हा नसून ‘याची मान कोणीकडे वळते ?’ हा आहे. असें कां, हें समजून घेतलें म्हणजे पुढची सर्व निवड सोपी होते.

मिररलेस म्हणजे ज्याच्या पोटांत आरसा नाहीं असा कॅमेरा. पूर्वींच्या एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यांत भिंगांतून आलेलें दृश्य एका आरशावरून डोळ्याकडे परतवलें जात असे. नव्या जातींत तो आरसा काढून टाकला आहे, आणि संवेदकावर उमटलेलें दृश्यच लहानशा पडद्यावर दिसतें. भिंगें बदलतां येतील असा या जातीचा पॅनासॉनिकचा जी-१ हा कॅमेरा २००८ सालीं आला, आणि २०१८ सालीं निकॉन व कॅनन या दोन्ही जुन्या कंपन्यांनीं मोठ्या संवेदकाचे मिररलेस कॅमेरे काढले. आरसा गेल्यामुळें कॅमेरा लहान व हलका झाला. परंतु यांतील पुष्कळ कॅमेऱ्यांत अंगचा फ्लॅश नसतो, आणि म्हणून तो वेगळा घेण्याचा प्रश्न नवशिक्यापुढें लौकरच उभा राहतो.

फ्लॅशचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १८८७ सालीं जर्मनींत मिएटे आणि गेडिके या दोघांनीं मॅग्नेशियमची अशी पूड सिद्ध केली, कीं ती पेटवतांच खोली क्षणभर उजळून जाई आणि मागाहून धुरानें भरून जाई. १९२९ च्या सुमारास कांचेच्या फुग्यांत धातूचा पातळ पत्रा जाळणारे दिवे आले. त्यांतला प्रत्येक फुगा एकदांच उपयोगी पडे. पुढें १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत हॅरॉल्ड एजर्टन यानें वायूनें भरलेल्या नळींतून विजेचा झटका सोडून पुन्हा पुन्हा चमकणारा दिवा तयार केला. आजचा फ्लॅश त्याच कुळांतला आहे. बॅटरीची वीज एका साठवणींत हळूहळू सांठत जाते, आणि बटण दाबतांच ती झेनॉन वायूच्या नळींतून एकदम वाहून सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखलखते. साठवण पुन्हा भरेपर्यंत दुसरी चमक मिळत नाहीं. हें एवढें ध्यानांत ठेवावें. बॅटरीच्या विचारांत त्याचा उपयोग होईल.

आतां त्या बारशाच्या चित्राकडे वळूं या. प्रकाशाचा एक साधा नियम आहे. दिव्यापासून अंतर दुप्पट झालें कीं उजेड निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. तिप्पट झालें कीं नववा हिस्सा उरतो. बाळ कॅमेऱ्यापासून तीन फुटांवर होतें, आई सहा फुटांवर, पणजी नऊ फुटांवर. बाळाला एक रुपया उजेड मिळाला असें धरलें तर आईच्या वाट्यास चार आणे आले, आणि पणजीला दोन आणेही धड मिळाले नाहींत. फ्लॅश दुप्पट शक्तीचा असता तरी ही वांटणी तशीच राहिली असती, कारण वांटणी ठरते अंतरांवरून. शक्ति वाढवली असती तर पणजी किंचित् उजळली असती आणि बाळ पार जळून गेलें असतें.

दुसरी गोष्ट सावलीची. दिवा जितका लहान तितकी सावली कठोर, आणि दिवा जितका विस्तीर्ण तितकी ती सौम्य. भर दुपारच्या उन्हांत खांबाची सावली सुरीनें कापल्यासारखी पडते. ढग आले म्हणजे तोच खांब जवळजवळ सावलीविना उभा राहतो. ऊन एका बिंदूंतून येतें, ढगाळ उजेड सगळ्या आकाशांतून येतो. फ्लॅशचें तोंड दोन-तीन बोटें रुंदीचें असतें. म्हणून समोरून सरळ टाकलेला त्याचा प्रकाश कठोर पडतो. शिवाय तो भिंगाच्या अगदीं वरून निघत असल्यामुळें चेहऱ्यावरचे उंचसखल भाग पुसून टाकतो, आणि चष्म्यावरून, आरशावरून व कपाटाच्या पॉलिशवरून थेट परत येतो.

या दोन्ही रोगांवर औषध एकच आहे, आणि तें घराघरांत फुकट टांगलेलें आहे. तें म्हणजे खोलीचें पांढरें छत. फ्लॅशची मान वर वळवून प्रकाश छतावर सोडला, म्हणजे छताचा मोठा भागच दिवा बनतो. दिवा विस्तीर्ण झाल्यामुळें सावली मऊ होते. आणि छतापासून बाळाचें, आईचें व पणजीचें अंतर बरेंचसें सारखें असल्यामुळें तिघांच्या वाट्यास उजेडही बराचसा सारखा येतो. बाजूची पांढरी भिंत जवळ असेल तर मान तिकडे वळवावी. मग खिडकींतून यावा तसा प्रकाश एका अंगानें येतो आणि चेहऱ्याला गोलाई लाभते. मात्र रंगीत भिंतीपासून सावध असावें. हिरव्या किंवा गुलाबी भिंतीवरून परतलेला प्रकाश तोच रंग माणसांच्या तोंडावर चढवतो.

यावरून पहिली कसोटी ठरते : फ्लॅशची मान वर तर उचलतां यावीच, शिवाय ती डावीकडे, उजवीकडे आणि शक्य तर पार मागेंही फिरावी. कांहीं लहान फ्लॅशांची मान मुळींच हलत नाहीं. कांहींची केवळ वर उचलते. केवळ वर उचलणारी मान कॅमेरा आडवा धरला असतां पुरते. पण एका व्यक्तीच्या उभ्या चित्रासाठीं कॅमेरा उभा केला, कीं ‘वर’ असलेलें तोंड बाजूच्या भिंतीकडे जातें आणि छत हातचें सुटतें. दुकानांत फ्लॅश हातीं येतांच कॅमेरा उभा धरून पाहावा आणि तोंड छताकडे नेतां येतें कीं नाहीं तें तपासावें. जो फ्लॅश या परीक्षेंत नापास होईल तो कितीही स्वस्त असला तरी खालीं ठेवावा.

दुसरी कसोटी मेळाची. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील ज्या खाचेंत फ्लॅश सरकतो तींत धातूचे बारीक स्पर्शबिंदु असतात. मधल्या बिंदूंतून ‘आतां चमक’ एवढाच हुकूम जातो. इतरांतून कॅमेरा आणि फ्लॅश एकमेकांशीं बोलतात. हुकूम देण्याची रीत बहुतेक कंपन्यांची सारखी असली तरी बोलण्याची भाषा वेगवेगळी आहे. कॅननचा फ्लॅश निकॉनवर बसेल, कदाचित् चमकेलही. पण किती चमकावें हें त्याला समजणार नाहीं. सोनीच्या खाचेची रचनाच निराळी आहे. ऑलिंपस, ज्याचे कॅमेरे आतां ओएम सिस्टिम या नांवानें निघतात, आणि पॅनासॉनिक यांची भाषा मात्र समान आहे. गोडॉक्ससारखे स्वतंत्र निर्माते एकाच फ्लॅशच्या निरनिराळ्या कंपन्यांसाठीं निरनिराळ्या आवृत्त्या काढतात आणि नांवाच्या शेवटीं सी, एन, एस, एफ, ओ असें अक्षर जोडतात. कॅननसाठीं सी, निकॉनसाठीं एन, सोनीसाठीं एस, फुजीफिल्मसाठीं एफ आणि ऑलिंपस-पॅनासॉनिकसाठीं ओ. एका अक्षराच्या चुकीनें खरेदी वायां जाते. म्हणून खोक्यावरचें अक्षर पैसे देण्यापूर्वीं वाचावें.

याच कंपन्यांच्या नव्या-जुन्या पिढ्यांतही भेद पडले आहेत. कॅननचा २०२२ मधील ईएल-५ हा फ्लॅश नव्या प्रकारची खाच असलेल्या कॅमेऱ्यांवरच चालतो. आणि अलीकडच्या कांहीं कॅमेऱ्यांच्या खाचेंत जुना मधला बिंदुच ठेवलेला नाहीं. दुसरी एक अडचण मिररलेस जातीची विशेष आहे. या कॅमेऱ्यांत शटरचे दोन प्रकार असतात, यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक. आवाज होऊं नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावून ठेवलें, तर बहुतेक कॅमेऱ्यांवर फ्लॅश उडतच नाहीं, आणि नवशिका नवा फ्लॅश बिघडला असें समजून दुकानदाराशीं भांडावयास जातो. चलच्चित्रणासाठीं बनवलेल्या कांहीं कॅमेऱ्यांत तर यांत्रिक शटरच नसतें. अशा कॅमेऱ्याच्या मालकानें फ्लॅशचा विचार करण्यापूर्वीं माहितीपुस्तक उघडावें.

तिसरी कसोटी बुद्धीची. ज्याला टीटीएल म्हणतात त्या पद्धतींत फ्लॅश आधीं एक बारीक चमक सोडतो, भिंगांतून आलेला तिचा उजेड कॅमेरा मोजतो, आणि खरी चमक किती असावी हें तो क्षणार्धांत ठरवतो. धांवत्या मुलांमागें फिरणाऱ्या नवशिक्यास ही सोय मोलाची आहे, विशेषतः छतावरून प्रकाश परतवतांना, कारण छताची उंची दर खोलींत बदलते. पण यंत्राच्या या बुद्धीलाही भ्रम होतो. चौकटभर पांढरी साडी असली तर उजेड फार झाला असें समजून तें चित्र काळवंडतें. काळा कोट असला तर उलट करतें. म्हणून फ्लॅशचा उजेड थोडा कमी-जास्त करण्याची सोय कोठें आहे हें पहिल्याच दिवशीं शिकावें. टीटीएलबरोबरच हातानें शक्ति ठरवण्याचीही सोय असलेला फ्लॅश घ्यावा. पूर्ण, अर्धी, पाव अशी शक्ति स्वतः ठरवून पाहिल्याखेरीज प्रकाशाचा स्वभाव कळत नाहीं. पैसे अगदींच बेताचे असतील तर टीटीएल नसलेला, पण मान फिरणारा फ्लॅश पत्करावा. टीटीएल असलेला, पण मान न वळणारा पत्करूं नये.

आतां शक्ति. ही कसोटी चौथी आहे, पहिली नव्हे. फ्लॅशच्या शक्तीचा आकडा असतो. त्याला गाइड नंबर म्हणतात. त्या आकड्याला भिंगाच्या छिद्राच्या आकड्यानें भागलें कीं प्रकाश किती मीटर पोंचेल तें निघतें. आयएसओ १०० असतांना ज्याचा आकडा २० आहे, असा लहान फ्लॅश घ्या. छिद्र एफ ४ ठेवलें तर वीस भागिले चार, म्हणजे ५ मीटर. आयएसओ ४०० केला कीं पल्ला दुप्पट होऊन १० मीटर होतो. छतावरून परतवतांना सुमारें तीन-चतुर्थांश उजेड वाटेंत जातो असें धरलें, तर पल्ला निम्म्यावर, म्हणजे ५ मीटरांवर येतो. दहा फूट उंचीच्या खोलींत फ्लॅशपासून छतापर्यंत आणि तेथून सात फुटांवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंतची वाट सुमारें ४ मीटरांची भरते. म्हणजे घरगुती खोलीसाठीं हा लहान फ्लॅशही काठावर पुरतो. ३६ आकड्याचा मध्यम फ्लॅश हेंच काम आरामांत, अर्ध्याहून कमी शक्तींत करतो. मग ६० चा आकडा पाहून भाळण्याचें कारण काय ?

शिवाय या ६० मध्यें एक मेख असते. कित्येक फ्लॅशांतील नळी पुढें-मागें सरकून प्रकाशाचा झोत अरुंद किंवा रुंद करते, आणि जाहिरातींतला आकडा बहुधा सर्वांत अरुंद झोताचा असतो. कॅननच्या ६००ईएक्स-आरटी या नांवाजलेल्या फ्लॅशचा आकडा २०० मिलिमीटरच्या स्थितींत ६० आहे, पण ३५ मिलिमीटरच्या रुंद स्थितींत तो ३६ च्या आसपास उरतो. दोन फ्लॅशांची तुलना करावयाची तर दोन्ही आकडे एकाच स्थितींतले आहेत ना, हें पाहावें. मोठी शक्ति खरोखर लागते ती दोन ठिकाणीं : भर उन्हांत चेहऱ्यावरची सावली भरून काढतांना, आणि लग्नाच्या कार्यालयांत, जेथें छत वीस-पंचवीस फूट उंच असतें किंवा रंगीत कापडानें झांकलेलें असतें. तेथें छताचा उपाय लंगडा पडतो, आणि नवशिक्यानें हें आधींच जाणलेलें बरें.

पांचवी कसोटी बॅटरीची. कांहीं फ्लॅश दोन किंवा चार पेन्सिल सेलांवर चालतात. कांहींत स्वतःची लिथियम बॅटरी असते. सेल कोठेंही मिळतात हा त्यांचा गुण; पूर्ण चमकीनंतर साठवण भरावयास चार-पांच सेकंद लागूं शकतात हा अवगुण. आत्या नांव ठेवते तो क्षण पांच सेकंद थांबत नाहीं. लिथियम बॅटरी ही प्रतीक्षा पुष्कळ कमी करते, पण ती संपली म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानांत दुसरी मिळत नाहीं. सेलांचा फ्लॅश घेतल्यास निकेल-मेटल हायड्राइड जातीचे पुन्हा भरतां येणारे सेल दोन जोड ठेवावे. फ्लॅश कोणताही असो, पूर्ण शक्तीनें लागोपाठ चमकावला तर तो तापतो. त्याला मधून मधून विसावा द्यावा.

सहावी कसोटी वजनाची. मिररलेस कॅमेरा घेण्यांत हलकेपणाचा मोह असतो. भिंगाखेरीज चारशे ग्रॅम भरणाऱ्या कॅमेऱ्यावर बॅटरीसह अर्धा किलो वजनाचा फ्लॅश चढवला, तर सगळा तोल माथ्यावर जातो आणि मनगट तासाभरांत कुरकुरूं लागतें. जो फ्लॅश जड म्हणून कपाटांत राहतो, त्याची शक्ति शून्य समजावी.

शेवटची कसोटी पुढच्या वाटचालीची. कांहीं महिन्यांनीं हौस वाढली, तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला ठेवण्याची इच्छा होते. कार्यालयाच्या उंच छताखालीं खरा उपाय तोच. त्यासाठीं फ्लॅशमध्येंच रेडिओ-ग्राहक बसवलेला असला म्हणजे पुढें केवळ एक लहान प्रेषक घ्यावा लागतो. तसेंच, बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसह शटरचा वेग सेकंदाच्या १/१६० ते १/२५० भागापर्यंतच ठेवतां येतो. त्याहून वेगवान शटरसाठीं हायस्पीड सिंक नांवाची सोय लागते. उन्हांत चित्रें घेणाऱ्यास ती उपयोगी आहे. घरांत घेणाऱ्यास तिच्यावांचून अडत नाहीं.

जुन्या बाजाराविषयीं एक इशारा आवश्यक आहे. वडिलांच्या काळचा फ्लॅश माळ्यावर सांपडला म्हणून तो आनंदानें नव्या कॅमेऱ्यावर चढवूं नये. कांहीं जुन्या फ्लॅशांच्या स्पर्शबिंदूवर दोनशे व्होल्टांहूनही अधिक दाब असतो, आणि आजच्या कॅमेऱ्याचें नाजूक मंडल त्या एका झटक्यानें निकामी होऊं शकतें.

फ्लॅश घरीं आला म्हणजे पहिल्या संध्याकाळीं एक प्रयोग करावा. घरांतील कोणास तरी खुर्चीवर बसवावें आणि शेजारीं घांसून लख्ख केलेला पितळेचा तांब्या ठेवावा. कॅमेरा न हलवतां चार चित्रें घ्यावीं : पहिलें सरळ समोरून, दुसरें छताकडे मान करून, तिसरें डाव्या भिंतीकडे, चौथें मान मागें फिरवून. मग चारही चित्रें शेजारीं शेजारीं पाहावीं. तांब्याच्या पोटावर दिव्याचें प्रतिबिंब कोठें व केवढें पडलें, तें चेहऱ्यावरच्या सावलीशीं ताडून पाहावें. पुस्तकाच्या पन्नास पानांनीं जें समजत नाहीं तें त्या तांब्यावर दिसतें.

आणि फ्लॅश केव्हां बंद ठेवावा हेंही त्याच्याबरोबर शिकावें. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठीं त्याला मनाईच आहे; नाटक चालू असतां तो उडवणें हा नटांचा व प्रेक्षकांचा अपराध आहे. घरांतही आरतीच्या वेळीं समईच्या उजेडांत जो सोनेरीपणा असतो तो फ्लॅशच्या पांढऱ्या झोतांत पुसला जातो. अशा वेळीं फ्लॅश मिटवावा, आयएसओ वाढवावा आणि हात स्थिर ठेवावा.

तो मुलगा पुन्हा दुकानांत गेला, तर त्यानें काय मागावें ? आपल्या कॅमेऱ्याच्या अक्षराचा, चारी दिशांना मान फिरवणारा, टीटीएल आणि हातची शक्ति दोन्ही असलेला, मध्यम आकड्याचा, हाताला न जाचणारा फ्लॅश. दुकानदार याहून मोठा दाखवील. तो त्यानें नम्रपणें नाकारावा आणि वांचलेल्या पैशांत सेलांचा दुसरा जोड घ्यावा. मग वर्षभरानें त्याच खोलींत पहिला वाढदिवस होईल. पाट मांडला जाईल, औक्षणाचें तबक येईल, आणि तो फ्लॅशचें तोंड छताकडे करून उभा राहील. त्या चित्रांत बाळाचे गाल गोल दिसतील, आत्याच्या चष्म्यांमागचे डोळे दिसतील, आणि मागें भिंतीशीं खुर्चीवर पणजी असलीच, तर तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती स्पष्ट दिसेल.